घरच्या बारशाचे फोटो तुमच्यावर सोपवलेत? मग आदल्या दिवशी हे वाचा

नवा कॅमेरा घरात आला की त्याचं पहिलं काम बहुधा बारशाला निघतं. लग्नाला फोटोग्राफर ठरवतात. बारसं मात्र घरातल्या कॅमेरावाल्या भाच्यावर नाहीतर पुतणीवर सोपवून मोकळे होतात. आमच्या कराडच्या स्टुडिओत अशी मुलंमुली नेहमी येतात. कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला असतो आणि प्रश्न एकच असतो, "ताई, सेटिंग काय ठेवू?"

सेटिंग सांगते, पण त्याआधी दोन कामं करा. खोली बघून या, आणि त्या घरात विधी कसा करतात ते तिथल्या आजींना विचारून घ्या. बारशात हवेहवेसे क्षण चार-पाचच असतात, प्रत्येक काही सेकंदांचा, आणि त्यातला एकही "पुन्हा एकदा करा" म्हणून मागता येत नाही. तो क्षण कुठे घडणार हे आधी ठाऊक असेल, तर साध्या कॅमेऱ्यावरही फोटो येतो. ठाऊक नसेल, तर महागड्या लेन्समध्येही पाहुण्यांच्या पाठीच येतात.

पाळणा कुठे ठेवायचा

आदल्या दिवशी जा, आणि कार्यक्रम ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जा. सकाळी अकराला उजळ दिसणारी खोली दुपारी चारला अंधारी असू शकते. खिडकी कुठल्या भिंतीला आहे, ऊन थेट आत येतं का, ट्यूब कुठे आहेत, हे बघा. मग पाळणा कुठे ठेवणार ते विचारा.

पुष्कळ घरांत सजावट खिडकीच्या भिंतीला करतात आणि पाळणा तिच्यासमोर ठेवतात. असं झालं की उजेड बाळाच्या आणि आत्याच्या मागून येतो आणि दोघांचे चेहरे काळे पडतात. खिडकी पाळण्याच्या बाजूला, चार-सहा फुटांवर आली, तर तोच उजेड गालावरून हळूहळू उतरत जातो. चेहऱ्याला गोलाई येते, पापण्या दिसतात, जावळ दिसतं. भाड्याचा स्टँडवरचा पाळणा असेल तर तो सरकवायची विनंती आदल्या दिवशीच करा. फुलं लावून झाल्यावर कुणी ऐकत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. पाळणा आढ्याच्या कडीला टांगलेला असेल तर तो हलणार नाही, मग जागा तुम्ही बदलायची: खिडकी आपल्या पाठीशी किंवा खांद्याशी येईल असे उभे राहा.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तिला पातळ पांढरा पडदा लावा. पडदा नसेल तर पांढरी ओढणी किंवा धुतलेलं धोतर चालतं. रंगीत कापड मात्र लावू नका. पांढऱ्यातून उजेड पसरून मऊ होतो, रंगीत कापडातून तो त्या कापडाचा रंग घेऊन येतो. पाळण्यामागचा गुलाबी सॅटिनचा पडदाही बाळाच्या गालावर गुलाबी झाक फेकतो, म्हणून त्याच्यात आणि पाळण्यात दोन-तीन फूट अंतर राहू द्या.

दिवसा खिडकीचा उजेड पुरत असेल तर दिवे बंद करायला सांगा. खिडकीतला उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की बाळाचा एक गाल निळा आणि एक पिवळा येतो. एकाचा रंग सुधारायला जावं तर दुसऱ्याचा बिघडतो. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर निदान सगळे दिवे एकाच जातीचे ठेवा. रंग बदलणाऱ्या लाइटच्या माळा नाव ठेवण्यापुरत्या पाच मिनिटं बंद ठेवायची परवानगी काढून ठेवा.

मग पाळण्यामागे काय दिसतंय ते बघा. प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, मिक्सरचं खोकं, हँगरवरचे कपडे, टीव्हीची काळी काच. हे सगळं आदल्या दिवशी सहज हलवता येतं. फोटो काढताना माणूस चेहऱ्याकडे बघत असतो, खोकं त्याला दिसत नाही. ते प्रिंट हातात आल्यावर दिसतं.

याच दिवशी एक सराव करा. पाळण्यात, बाळाचं डोकं जिथे येणार तिथे, एक नारळ ठेवा आणि त्याच्याभोवती पूर्ण फिरून फोटो काढा. कुठून काढला तर नारळ सपाट थाळी दिसतो, कुठून गोल दिसतो, शेंडीचे धागे कुठून सुटे दिसतात, हे नीट बघा. जिथून गोल दिसला ती तुमची जागा. तिथे खडूने खूण करून ठेवली तरी हरकत नाही. बाजूच्या उजेडाबद्दल कितीही वाचलंत तरी त्या नारळाइतकं स्पष्ट कळणार नाही.

आता सेटिंग

तुमच्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स असेल असं धरते. हॉल लहान असेल तर १८ ते ३५ च्या दरम्यान राहा. बऱ्याच जणांना ५० ची एफ/१.८ लेन्स घ्यायचा मोह होतो. लेन्स उत्तमच आहे, पण लहान सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर ती ७५ ते ८० मिलिमीटरसारखी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत मागे सरकत सरकत पाठ भिंतीला टेकते, तरी आत्या आणि पाळणा दोन्ही चौकटीत मावत नाहीत. बाळाच्या एकट्या चेहऱ्यासाठी ती ठेवा, विधीसाठी नको.

मोड ॲपर्चर प्रायॉरिटी ठेवा, म्हणजे डायलवर ए किंवा एव्ही. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ/४ च्या आसपास (एफचा आकडा लहान, तितकं भोक मोठं). आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे तो आकडा, ऑटोवर टाका, कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००, आणि त्याच मेनूत किमान शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, १/१२५ सेकंद लावा. उजेड भरपूर असेल तर कॅमेरा आयएसओ आपोआप खाली आणतो, कमी झाला तर वर नेतो, आणि तुमचं लक्ष पाळण्यावर राहतं. जुन्या कॅमेऱ्यात किमान शटर लावायची सोय नसेल तर डायलवरचा मोड एस किंवा टीव्ही (Tv), म्हणजे शटर प्रायॉरिटी, घ्या आणि १/१२५ स्वतः लावा. आयएसओ वाढला की फोटोत रव्यासारखे दाणे येतात, आणि नवशिके त्यांना फार भितात. भिऊ नका. दाणे आलेला फोटो घरातलं कुणीही प्रेमाने बघेल. हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

ट्यूबलाइटबद्दल नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे यावरून हमखास फसगत होते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० वर फोटो काढला तर एक फोटो उजळ, पुढचा अंधारा, तिसऱ्यात आडवे पिवळट पट्टे असा प्रकार होतो. अशा ट्यूबखाली मोड एस किंवा टीव्ही घेऊन शटर १/१०० वर बांधून टाका, म्हणजे प्रत्येक फोटोत उजेडाचं एक पूर्ण आवर्तन येतं. स्वस्त एलईडी दिवेही लुकलुकतात, आणि कुठला लुकलुकेल ते दिव्याकडे बघून सांगता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी १/१०० वर सलग दहा फोटो काढा आणि सगळ्यांत उजेड सारखा आहे का ते बघा.

फोकससाठी एकच बिंदू निवडा. कॅमेऱ्यावर सोपवलंत तर तो जवळची वस्तू पकडतो, आणि पाळण्यात जवळची वस्तू म्हणजे दोरी किंवा टांगलेली चिमणाळी. चेहरा ओळखणारा नवा कॅमेरा असेल तर ती सोय वापरा, तरीही खात्री करा, कारण डोळे मिटलेलं, कुंचीत गुंडाळलेलं तान्हं बाळ त्याला प्रत्येक वेळी ओळखता येतंच असं नाही. बिंदू बाळाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा. ५० च्या लेन्सवर एफ/१.८ ठेवून एका मीटरवरून फोटो काढलात तर स्पष्ट येणारा भाग जेमतेम तीन सेंटिमीटर खोल असतो: डोळा स्पष्ट, कान धूसर. विधीच्या धांदलीत तेवढी नेमकी नेम साधत नाही, म्हणून एफ/४ म्हटलं.

आणखी एक बटण शिकून घ्या, अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं. कॅमेरा समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं समजून उजेड मोजतो. पांढरं झबलं, पांढरी दुपटी, पांढरी भिंत असं चित्र असलं की तो म्हणतो उजेड फार झाला, आणि फोटो मळकट करतो. अशा वेळी +०.७ ते +१ करा. उलट गोष्ट बोरनहाणाला होते. संक्रांतीच्या सुमारास काळं झबलं घातलेलं बाळ, काळ्या साडीतली आई. कॅमेरा काळ्याला करडं करायला जातो आणि अंगावरचे हलव्याचे दागिने पांढरेफटक होऊन त्यांचा काटा नाहीसा होतो. तिथे −०.७ करायचं. एवढं एक बटण हाताला सवयीचं झालं तर पहिल्या वर्षभराच्या निम्म्या तक्रारी मिटतात, असं माझं मत आहे.

फ्लॅश नको. समोरून फ्लॅश पडला की चेहरा सपाट होतो, मागच्या भिंतीवर काळी कडा उमटते, आणि नुकतं झोपलेलं बाळ दचकून उठतं. मग फोटो राहिले बाजूला, अख्खं घर त्याला शांत करण्यात गुंततं. वेगळा लावायचा फ्लॅश असेल आणि संध्याकाळी इलाजच नसेल, तर त्याचं तोंड छताकडे वळवा. छत पांढरं असेल तरच. हिरवट छतावरून हिरवट उजेड खाली येतो.

मोबाइलवरच काढणार असाल तर लेन्स मऊ कापडाने पुसा, मुख्य लेन्स वापरा, बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. बाळाच्या चेहऱ्यावर बोट दाबून ठेवलं की फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड पाळण्याच्या दोऱ्या अर्धवट पुसून टाकतो, तो बंद ठेवा.

नाव ठेवताना

घराघरातली रीत वेगळी असते म्हणूनच आजींना विचारायला सांगितलं. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी असं चालतं: बाळंतिणीची ओटी भरली जाते, मग वरवंट्याला झबलं-टोपडं घालून त्याचा गोप्या करतात. पाळण्याच्या दोन बाजूंना बायका उभ्या राहतात आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत त्याला पाळण्याखालून देतात आणि वरून घेतात. गोप्या पाळण्यात ठेवला की मग बाळाची पाळी.

नवशिक्याला यापेक्षा मोठी सोय नाही. गोप्या फिरतो ती तुमची रंगीत तालीम. त्याच जागी, त्याच उजेडात, त्याच बायका, त्याच हालचाली. तेवढ्या वेळात चार फोटो काढा, मोठे करून बघा. अंधारे आलेत का? हात हललेत का? कुणाचं डोकं मध्ये येतंय का? जे बदलायचं ते आत्ताच बदला. बाळ हातात आल्यानंतर मेनूत शिरायचं नाही.

बाळाला देताघेताना खरा फोटो हातांचा असतो. एक जोडी हात सोडतायत, दुसरी धरतायत, मध्ये कुंचीतलं ते इवलं डोकं. त्यासाठी गुडघ्यावर बसा, कॅमेरा पाळण्याच्या पातळीला आणा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत फक्त भांग आणि अंबाडे येतात.

आता आत्या. ती पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगते. बारशातला हाच फोटो सगळे मागतात आणि हाच सर्वांत जास्त वेळा हुकतो, कारण त्या क्षणी सगळ्या बायका पाळण्याभोवती दाटी करतात. म्हणून आत्याशी आधी बोलून ठेवा. ती कुठल्या बाजूने वाकणार ते विचारा आणि तिच्या समोरच्या बाजूला, बाळाच्या पायांकडे थोडं सरकून बसा, म्हणजे तिचा चेहरा आणि बाळाचा चेहरा एकाच चौकटीत येतात. केस मोकळे असतील तर एका खांद्यावर घ्यायला सांगा, नाहीतर ती वाकल्यावर बाळ केसांआड जातं. पाठीमागे उभ्या काकूंनाही नम्रपणे सांगा, "काकू, माझ्या डोक्यावरून बघा, पुढे येऊ नका हं." आधी सांगितलं की राग येत नाही.

कॅमेरा सलग फोटो काढायच्या मोडवर ठेवा आणि ती वाकायला लागली की बटण दाबा. नाव सांगून झालं म्हणून हात खाली घेऊ नका. लगेच बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ती हसत सरळ होते, तिचे डोळे भरून आलेले असतात. कानात सांगतानाचा फोटो अल्बममध्ये लागतो. पण आत्याला विचाराल तर ती हा दुसरा, हसणारा फोटो जपून ठेवते. असे फोटो न्यायला आलेल्या बायकांचे चेहरे मी काउंटरपलीकडून बघत आले आहे, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगते.

पुढे पाळणा म्हणताना पाळणा हलत असतो. झोका मध्यावर असताना त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि टोकाला पोचला की परत फिरण्याआधी तो क्षणभर थांबतो. बटण त्या टोकाला दाबा. दोन-तीन झोके नुसते बघा, ताल लक्षात येतो, पाळण्याच्या गाण्याची लय मदत करते. १/१०० वरसुद्धा बाळ स्पष्ट येतं.

बाळाचा एकट्याचा फोटो त्याच्या डोक्याच्या बाजूने किंवा बाजूच्या पातळीवरून घ्या. पायांकडून, खालून घेतलात तर नाकपुड्या मोठ्या दिसतात. काही घरांत झोपलेल्या बाळाचा फोटो काढू देत नाहीत, काही ठिकाणी तीट लावल्याशिवाय नाही. कारण विचारत बसू नका, ऐका.

आणि आई. दिवसभर ती बाळाला पाजण्यात, पाहुण्यांच्या पाया पडण्यात असते, आणि सगळे कॅमेरे बाळाकडे असतात. कार्यक्रमाआधी, ती तयार झाल्यावर आणि थकण्याआधी, पाच मिनिटं मागून घ्या. खिडकीशी खुर्ची, मांडीवर बाळ, खोलीत दुसरं कुणी नको. तिला कॅमेऱ्याकडे बघायला सांगू नका, बाळाकडे बघू द्या. हे फोटो काढल्याशिवाय बारशाचं काम पूर्ण झालं असं मी मानत नाही. पणजी असेल तर तिच्याही मांडीवर बाळ द्या. तिचा सुरकुतलेला हात आणि बाळाची मूठ एवढंच जवळून घ्या.

मोठा ग्रुप घुगऱ्या वाटायच्या आधी उरकून घ्या, नंतर माणसं पांगतात. भर दुपारी गच्चीवर नेऊ नका, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. जिन्याखालची किंवा इमारतीची सावली शोधा. दोन रांगा असतील तर एफ/५.६ ते एफ/८, फोकस पुढच्या रांगेवर, आणि किमान पाच-सहा फोटो, कारण कुणी ना कुणी डोळे मिटतंच.

घरी आल्यावर

कार्ड कार्यक्रमाआधी, जुने फोटो उतरवून घेतल्यावर, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. रात्री कितीही दमलात तरी फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा, कॉम्प्युटर आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. दोन्हीकडे उघडतायत हे बघेपर्यंत कार्ड रिकामं करू नका. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघून फोटो डिलीट करायची सवय लावून घेऊ नका. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल, आणि नेहमीची जेपीईजी दोन्ही एकत्र काढता येत असतील तर तसं ठेवा; आज रॉ वापरता येत नसेल, पुढे येईल.

मग निवडा. माझ्या वडिलांच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे आणि बारसं एका रोलमध्ये बसायचं. घरच्यांना पाचशे फोटो दिलेत तर ते एकही नीट बघणार नाहीत. साठ द्या, पण त्यात प्रत्येक पाहुणा एकदा तरी दिसला पाहिजे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की ते आकसतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि बाळाचे फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी त्याच्या आईवडिलांना विचारा. नाव, जन्मतारीख आणि चेहरा एकत्र तर टाकूच नका.

त्या साठांतले निदान दहा प्रिंट करून द्या. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, तेवढे कुठल्याही कॅमेऱ्यात असतात. एक ध्यानात ठेवा: कॅमेऱ्याची चौकट ३:२ ची, ती ४ बाय ६ मध्ये जशीच्या तशी बसते. मोबाइलची बहुधा ४:३ असते, प्रिंट करताना तिच्या लांब कडांलगतची पट्टी, म्हणजे आडव्या फोटोत वरची-खालची, कापली जाते आणि उंच मामाचं डोकं किंवा पाळण्याचं फूल जातं. म्हणून मोबाइलवर काढताना कडेला थोडी जागा सोडा. प्रिंटच्या मागे बाळाचं नाव आणि तारीख बारीक मार्करने लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात. आणि शाई वाळेपर्यंत प्रिंट एकावर एक ठेवू नका.